मागून आणलेली काडी

लाकडाच्या घोडीला काचेच्या नळ्या अडकवायच्या, नळ्यांत पाणी भरायचं, पाण्यात मुळं फुटायला काड्या खुपसायच्या आणि त्याला म्हणायचं प्रोपगेशन स्टेशन. वर्ध्याचं स्टेशन मी जन्मभर पाहत आले आहे, तिथं निदान गाड्या तरी येतात. माझ्या मुलीने हे प्रकरण पुण्याहून कुरियरने पाठवलं तेव्हा खोक्यात आणखी काही आहे का ते मी आधी चाचपून पाहिलं. काही नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात अशा परीक्षानळ्या धूळ खात पडल्या आहेत, त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्याच नळ्या पॉलिश केलेल्या घोडीवर चढल्या की दिवाणखान्यात जाऊन बसतात.

सावंगीच्या रस्त्याला आमची कॉलनी आहे. तिथं तेव्हा या नळ्यांची साथच आली होती. सुरुवात समोरच्या बाईंनी केली. त्यांच्या खिडकीत आधी मनी प्लांट आला, मग शेजारी ध्यानस्थ बुद्ध आला, मग बुद्धाच्या डोक्यावर लुकलुकणारे दिवे आले. मोबाइलवर पाहून बाई काडीच्या टोकाला दालचिनीची पूड लावायच्या, मध लावायच्या, कोरफडीचा गर लावायच्या आणि पाण्यात डोकेदुखीची गोळी विरघळवायच्या. एवढी बडदास्त बाळंतिणीचीही होत नाही. मनी प्लांट तर नालीत फेकला तरी लागतो. पण त्याला पांढरा धागा फुटला की बाई गल्लीभर फोन करून सांगायच्या, जसं काही घरात बारसं आहे.

तर असलं यंत्र माझ्या घरात आलं आणि मी ते माळ्यावर टाकलं. ते खाली काढायची वेळ माझ्या भावाने आणली.

माझं माहेर नाचणगाव, पुलगावला लागून. तिथं आईच्या अंगणात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, गावरानी गुलाबाची जाळी होती. फिकट गुलाबी, विस्कटलेली फुलं. दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या, फुलदाणीत ठेवायच्या लायकीची एक नाही. पण वास असा, की आम्ही शाळेतून आलो की फाटकातच कळायचं आज किती उमलली. त्या पाकळ्यांचा गुलकंद आई बरणीत घालून उन्हात ठेवायची आणि मला सासरी पाठवायची. तो गुलकंद खाऊन माझ्या सासूची माझ्याबद्दलची मतं थोडी मवाळ होत, एवढं त्या झाडाचं माझ्यावर ऋण आहे.

आईजवळ माझा धाकटा भाऊ राहतो. शेती आहे, पुलगावला खताचं दुकान आहे. यंदा दिवाळीला त्याने चारचाकी घेतली. गाडी आली की माणसाला अंगण खुपायला लागतं. टायरला चिखल नको, काचेवर पाला नको, वळवायला जागा हवी. ठरलं, अंगणात सिमेंटचे गट्टू बसवायचे. ज्या मातीवर हा रांगला ती याच्या टायरला चालेना. मी फोनवर बोलले तर म्हणाला, "ताई, तू वर्ध्याले राह्यतं. इथं चिखलात आम्ही राह्यतो." गेली चाळीस वर्षं त्या चिखलात त्याचा बूट कधी रुतला नव्हता.

जेसीबी यायच्या दिवशी मी गेले. भाऊ मोठा उदार झाला होता. "ने ना ताई, जेवढ्या पाह्यजे तेवढ्या काड्या ने," म्हणाला आणि स्वतःच्या हाताने दहाबारा काड्या तोडून प्लास्टिकच्या पन्नीत भरून दिल्या. हिरव्या कोणत्या, जून काष्ठाच्या कोणत्या, काही पाहिलं नाही. वाढप्याने भाजी वाढावी तसं केलं. आई ओसरीवर बसून होती. यंत्राचा दात जाळीखाली गेला तेव्हा ती उठून आत गेली आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत तिची लुगडी होती.

"चाल," मला म्हणाली. "मले काई हे पाह्यत बसाचं नाई."

भाऊ म्हणाला, "जाय, राहून ये चार दिवस." चार दिवस. आमच्याकडे आईने लेकीच्या घरी चारच दिवस राहावं असा कायदा आहे. पाहुणी म्हणून यावं, साडी-चोळी घ्यावी, परत जावं. मुक्काम ठोकला की मुलाचं नाक कापलं जातं आणि जावयाच्या अन्नावर जगते म्हणून बाईची शोभा होते. जुन्या बाया तर लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. नऊ महिने पोटात ठेवलेल्या पोरीच्या घरचं पाणी बाटतं आणि बापाच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या पोराच्या घरी दारातला गुलाब उपटला तरी ते स्वतःचं घर. ज्याने कुणी हे ठरवलं तो नक्की कुणाचा तरी मुलगा असणार.

माझे यजमान आईला म्हणाले, इथंच राहा. त्यांच्या बाजूने विषय तिथं संपला. आईच्या बाजूने संपला नाही. तिने पिशवी उघडली नाही. मागच्या खोलीत कॅलेंडरच्या खिळ्यावर टांगली. रोज त्यातून एक लुगडं काढायची, कालचं धुऊन घडी करून परत त्यात ठेवायची. कपाटाचा एक खण मी रिकामा करून दिला, त्यात तिने चष्म्याची डबीसुद्धा ठेवली नाही. मला ती पिशवी डोळ्यांसमोर नको व्हायची. बसस्थानकावर बसलेल्या माणसासारखी माझी आई माझ्याच घरात बसली होती.

मग एकदा चहा पिता पिता तिने आपला निकाल सांगितला. "पाह्य बाई, हा गुलाब तुह्या घरी लागला तं मी बी राहीन. नाई लागला तं मले नाचणगावले नेऊन घाल. मंग तूनं बी काई म्हणाचं नाई आन् त्यानं बी नाई."

म्हणजे मी विचारून चालत नव्हतं, जावयाने म्हणून चालत नव्हतं, काडीने हो म्हणायला हवं होतं. असल्या अटीवर मी तिला तिथल्या तिथे झापायला पाहिजे होतं. पण माझ्या माहेरी कुणी कुणाला राहा म्हणत नाही, ताटात आणखी एक पोळी वाढतात. मला ती हवी होती. नाचणगावला आता तिची खाट ओसरीवरून उचलून मागे नेली होती, कारण ओसरीसमोर आता गाडी उभी राहते आणि गाडीशेजारी म्हातारीची खाट आणि वाळत घातलेलं लुगडं शोभत नाही. तिने तिथं जायचं आणि त्या गट्टूंकडे पाहत मरायचं, हे मला मान्य नव्हतं. म्हणून मी माळ्यावर चढले आणि ते स्टेशन खाली काढलं.

कुंडीत मी काड्या लावल्या नाहीत, कारण कुंडीत आत काय चाललं आहे ते दिसत नाही आणि मला रोज पाहायचं होतं. विज्ञानाच्या बाईची ही मिजास. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून घेतलं. काड्या फुटव्याच्या डोळ्याखाली तिरप्या कापल्या, खालची पानं काढली, बऱ्यापैकी होत्या त्या नळ्यांत ठेवल्या, पूर्वेच्या खिडकीत, ऊन लागेल पण भाजणार नाही अशा. दालचिनी लावली नाही. आई पाठीशी उभी राहून सगळं पाहत होती.

"नाई लागत," ती म्हणाली.

"का?"

"भावानं हातानं देल्ली ना? मागून आणलेली काडी लागत नाई. झाड चोरून आणा लागते."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. तुळस चोरावी, मनी प्लांट चोरावा, मोगरा तर चोरावाच. आमच्या कॉलनीतले सज्जन गृहस्थ, ज्यांनी नोकरीत चहाचीसुद्धा लाच घेतली नाही, ते आपला मनी प्लांट कुणाच्या फाटकातून खुडला हे छाती फुगवून सांगतात. मी आईला म्हटलं, "पेशीला काय माहीत कुणी दिलं आणि कुणी चोरलं? काडीत रस असतो, टोकाला मुळं फुटायची ती फुटतात."

"हे तुह्या शाळेतल्या पोट्ट्यायले शिकव," आई म्हणाली आणि आंघोळीला गेली.

चोरीची तिला सवय लागायला वेळ लागला नाही. आमच्याकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक वर्ग आहे. पायात पांढरे बूट, हातात टोकाला आकडा असलेली काठी आणि खिशात पन्नी. तब्येतीसाठी चालतात आणि देवासाठी दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं ओढतात. ज्या बाईने जास्वंदीला पाणी घातलं तिच्या देवाला एक फूल उरत नाही आणि यांच्या देव्हाऱ्यात ढीग. वर आरती मोठ्याने. मी माझ्या फाटकावर पाटी लावली आहे, फुले तोडणाऱ्याच्या देवाला ती पोचत नाहीत. समोरच्या बाईंनी तर कॅमेरा लावला. आणि माझी आई आठवड्याभरात त्या टोळीत सामील झाली. पदरातून कण्हेरीची फुलं घेऊन यायची. मी चिडले की म्हणायची, "देवाचं हाय ते. तुह्यं काऊन पोट दुखते?"

इकडे काड्यांची रया जायला लागली. पहिल्यांदा एकीची साल खालून तपकिरी झाली, मग पाणी बुळबुळीत झालं. मी पाणी बदललं, कुजलेलं कापलं, नळी गरम पाण्याने धुतली. दुसरीने एक लालसर कोंब दाखवला, आमची दोघींची आशा तिकडे लागली आणि तो कोंब तसाच वाळला. गावरानी गुलाबाचं काष्ठ हे पाण्यात सहजी मुळं धरणारं नव्हेच, हे मला माहीत होतं. मनी प्लांटसारख्या कुठंही पाय पसरणाऱ्याचं ते काम. एकेक काडी मी गुपचूप फेकत गेले. शेवटी एकच नळी भरलेली राहिली आणि तिच्यातली काडी वरून हिरवट होती, बस. आई रोज सकाळी खिडकीशी जायची, वाकून पाहायची आणि पिशवीतून लुगडं काढायची. ती काही बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

अशात भावाचा फोन. "ताई, लोकं विचारून राह्यले, माय लेकीकडे काऊन ठेवली म्हणून. रविवारी येतो न्याले." त्याला आईची आठवण येत होती असं तो म्हणाला नाही. लोकांनी आठवण करून दिली होती. आईने फोनकडे पाहिलं नाही. रात्री जेवताना म्हणाली, "रविवारी सांभारवड्या करशीन त्याच्यासाठी." सांभारवडी म्हणजे आमच्याकडे कोथिंबिरीची वडी, तिच्या मुलाला आवडते. त्या नळीतली काडी त्या दिवशी खालपर्यंत काळी पडली होती, मी स्वतः पाहिली होती. मी ती फेकली नाही, कारण तिच्यानंतर फेकायला काही नव्हतं.

शनिवारी शाळेतून आले तर आई दारातच उभी. "पाह्य," म्हणाली. "लागला."

मी खिडकीशी गेले. नळीत काडी होती. हिरवीगार. वर पानांचा तजेलदार तुरा, खाली मुळांचा झुपका. काल मेलेली काडी एका दिवसात उठून बसली होती. वर्गात पोरांनी असला प्रयोग दाखवला असता तर मी पालकांना बोलावून घेतलं असतं. पाण्यात फुटलेली मुळं पांढरी आणि गुळगुळीत असतात. ही तपकिरी होती, केसाळ, मातीत वाढलेली. नळीच्या तळाशी लाल मातीचे कण बसले होते. आमच्या भागात माती काळी. लाल माती एकाच घरी, समोरच्या बाईंकडे, कारण त्यांना काळी माती घाण दिसते म्हणून त्या नर्सरीतून पोती आणवतात. त्यांच्या फाटकाशी नर्सरीचाच लालभडक गुलाब आहे, जाड काट्यांचा, मोठ्या चकचकीत पानांचा. त्याची एक फांदी कुंपणाबाहेर लोळून मातीला टेकली होती आणि तिथंच तिने मुळं धरली होती. जाता-येता मी ती पाहिली होती.

मी आईकडे वळले. पुराव्यानिशी सगळं ओठांवर होतं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. नळीकडे पाहत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, आणि तिच्या नखांत लाल माती होती. माझी आई, जिने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, तिला माझ्याकडे राहायचं होतं. तेवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघत नव्हतं म्हणून ती या वयात सकाळी सकाळी लोकाच्या कुंपणाशी उकिडवी बसली होती.

"लागला खरा," मी म्हटलं.

रविवारी भाऊ आला. आईने त्याला चहा द्यायच्या आधी नळी दाखवली. तो काचेला नाक लावून पाहत बसला. त्या गुलाबाकडे त्याने आयुष्यात कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, पण आता त्याला दृष्टी फुटली. "ताई, आपलाच होय ना हा? पानं मोठी दिसून राह्यली."

तेवढ्यात फाटक वाजलं आणि समोरच्या बाई आत आल्या. त्या नेहमी चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागतात. "मॅडम, कमाल झाली ना. माझ्या गुलाबाची फांदी कोणीतरी जडसकट उपटून नेली. बाहेर गेलती, मस्त मुळं धरलती तिनं..." आणि बोलता बोलता त्यांची नजर खिडकीवर गेली. त्या थांबल्या. त्यांना बोलता बोलता थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईने वडीची बशी हातात घेतली होती, ती तशीच राहिली. भाऊ एकदा बाईंकडे, एकदा नळीकडे पाहायला लागला.

मी म्हटलं, "काचेत वाढवलं की पानं मोठी होतात. चारी बाजूंनी उजेड मिळतो ना." विज्ञानाचा एवढा धडधडीत अपमान मी कुठल्या पोराच्या उत्तरपत्रिकेत वाचला नाही.

बाईंनी नळीकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे. "होतात ना," त्या भावाला म्हणाल्या. "माह्या मनी प्लांटची पानं पाहा, एवढाली झाली. काचेचंच आहे ते." मग पदर सावरून खुर्चीवर बसल्या. "आता कॅमेरा असून उपयोग नाही पाहा, मॅडम. नेमका त्याच दिवशी बंद होता."

त्यांच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून दिसतो. तो बंद असलेला मी एकदाही पाहिलेला नाही. त्या बाईंना मी इतकी वर्षं मनात आणि शेजारणींजवळ जे जे म्हणत आले ते मला तेव्हा आठवलं. मी त्यांना आणखी दोन वड्या वाढल्या.

"मंग माय, तू काय म्हणतं?" भावाने विचारलं.

"झाड लागलं बाप्पा," आई म्हणाली. "आता त्याले सोडून कशी येऊ?"

भावाचा चेहरा एकदम हलका झाला. लोकांना सांगायला त्याला कारण मिळालं होतं, माय झाडासाठी राहिली म्हणून. ते हलकं होणंही मला आवडलं नाही, पण आवडून घेतलं. त्याने चार वड्या खाल्ल्या, उरलेल्या डब्यात बांधून घेतल्या आणि गाडी घेऊन गेला.

झाड मी कुंडीत लावलं, काळ्या मातीत. घोडी परत माळ्यावर गेली. आई टोळीबरोबर फुलं आणायला जायची थांबली, गुडघे दुखतात म्हणाली. पण पिशवी खिळ्यावरच होती. होळीच्या आधी कळी आली आणि एका सकाळी उमलली. लालभडक, टोपाएवढी, मखमलीच्या कापडासारखी. आमच्या नाचणगावच्या गुलाबाशी तिचं कसलंही नातं नव्हतं. आईने मला कुंडीशी बोलावलं.

"वास घे."

मी वाकले. नाक पाकळ्यांत घातलं. कसलाही वास नव्हता, पाण्याचासुद्धा नाही.

"येते का?" तिने विचारलं. ती आता सरळ माझ्याकडे पाहत होती.

"येतो," मी म्हटलं. "आपल्याच गुलाबाचा."

तिने कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाली, "मंग ते पिशवी उतरव खिळ्यावरून. माहा हात पुरत नाई."

रोज तिचा हात पुरत होता. मी पिशवी उतरवली आणि एकेक लुगडं काढून खणात लावत गेले. तळाशी एक रुमाल होता, गाठ मारलेला. गाठ सैल होती. आत ती नाचणगावची शेवटची काडी होती, काळी, वाळून बोटाएवढी राहिलेली.

"ते राहू दे," आई दारातून म्हणाली.

मी रुमालाला गाठ मारली आणि खणात, तिच्या लुगड्यांच्या खाली ठेवला.